माझ्या नवऱ्याने दिलेली साक्ष

“मध्यस्थ किती?” मामांनी बशीतल्या चहाचा भुरका मारला आणि चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं.

“एकच,” मी म्हणाले.

“कोण?”

“येशू.”

“मग मिटला की वाद!”

“कुठं मिटला? तुमचे गुडघे धरतात तेव्हा तबिथाबाईंना सांगता ना, माझ्यासाठी प्रार्थना करा म्हणून? तबिथाबाई मध्ये आलेल्या चालतात, आणि प्रभूची आई मध्ये आलेली चालत नाही?”

“तबिथाबाई जिवंत आहे, पोरी.”

“मारियाही जिवंत आहे. की स्वर्गात सगळे झोपलेत असं म्हणणं आहे तुमचं?”

मामांनी बशी खाली ठेवली, धोतराच्या सोग्याने ओठ पुसले आणि आत तोंड करून ओरडले, “शांतवन, ऐकलंस का? तुझ्या बायकोला वकील करायला हवी होती. नर्स कुणी केली हिला?”

आतून शांतवन हसले. ते नेहमी हसायचे.

हे मामा म्हणजे माझे सासरे, एलिया अढाव. उभा जन्म मिशनच्या शाळेत मास्तरकी केलेले, आणि नगर जिल्ह्यातल्या आमच्या त्या गावच्या मंडळीचे, म्हणजे तिथल्या प्रोटेस्टंट चर्चच्या माणसांचे, वडील. वडील म्हणजे वयाने नव्हे, तो मान असतो. मंडळी निवडून देते, प्रभुभोजनाच्या दिवशी भाकरीचं ताट वडिलांच्या हातात असतं, आणि आमच्या गावात शाळेची कमिटीही त्यांचीच. मी वसईची, कॅथलिक घरातली, सेवरीन लोपीस. मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून आले, शाळेतल्या एका तरुण मास्तरांच्या प्रेमात पडले आणि अढावांची सून झाले. आमच्याकडे फादर, त्यांच्याकडे पाळक. आमच्याकडे मिस्सा, त्यांच्याकडे उपासना. आम्ही म्हणतो मारिया, ते म्हणतात मरीया. एवढ्यावर भागलं असतं तर काय हवं होतं!

लग्न ठरवायला हे दोघं वसईला आले, तेव्हा माझ्या बापाने एकच अट घातली. “पोरगी तिची माउली बरोबर नेईल. तिला तुमच्या घरात कुणी हात लावायचा नाही.” माउली म्हणजे मारियेची वीतभर लाकडी मूर्ती. माझ्या आईची. निळा रंग खांद्यावर उडालेला, नाकाचा शेंडा झिजलेला.

मामांनी बराच वेळ विचार केला. आमच्या लोकांना वाटलं, मोडतंय लग्न. मग ते म्हणाले, “मूर्ती मला मान्य नाही. मी तिच्याशी वाद घालीन. रोज घालीन. पण हात लावणार नाही, आणि माझ्या घरात दुसऱ्या कुणालाही लावू देणार नाही. हा शब्द.”

शांतवन म्हणाले, “माझी तर कशालाच हरकत नाही.”

घरी सगळ्यांना जावयाचं उत्तर आवडलं. सासरा जरा खवीस दिसतो, असं माझी मावशी म्हणाली. मलाही तसंच वाटलं होतं.

मामांनी शब्द पाळला. म्हणजे वाद रोज घातला. सासूबाई मी यायच्या आधीच गेलेल्या, घरात आम्ही तिघंच. दवाखाना सुटला की मी घरी येऊन चहा टाकायची आणि ओट्यावर आमची कोर्टकचेरी सुरू व्हायची. आमच्या लितानीत, म्हणजे आळीपाळीने म्हणायच्या प्रार्थनेत, मारियेच्या पदव्यांची अख्खी माळ आहे. मामा रोज त्यातली एक पदवी घ्यायचे आणि कांद्यासारखी सोलायचे. ‘देवमाता’ घेतली की विचारायचे, देवाला आई असते का? मी म्हणायची, येशू देव आहे की नाही ते आधी सांगा, मग त्याच्या आईला काय म्हणायचं ते ठरवू. ‘स्वर्गाची राणी’ घेतली की ते त्या नावाच्या देवीविरुद्ध बोललेल्या यिर्मया संदेष्ट्याला साक्षीला काढायचे, आणि मी बायबलातल्या काना गावच्या लग्नाला जायची. द्राक्षारस संपला हे कुणाच्या लक्षात आलं? कुणी सांगितलं मुलाला? मामा म्हणायचे, आणि मुलाने काय ऐकवलं तेही सांग की! मी म्हणायची, ऐकवलं आणि मग पाण्याचा द्राक्षारस केलाच, मुलगे असेच असतात. त्यावर ते हसून लोळायचे बाकी राहायचे.

एकदा त्यांनी ‘सहतारिणी’ उकरून काढली. तारणारा एक असताना तारणात ही भागीदारीण कुठून आली, म्हणून त्यांनी जोरदार हल्ला चढवला. मी कबूल केलं, “ही पदवी आमच्यातही सगळ्यांना पटत नाही. मलाही ती जड वाटते. तिला एवढ्या मोठ्या खुर्चीत बसवलं तर ती स्वतःच अवघडून जाईल.”

मामा म्हणाले, “हे तू कबूल केलंस, आता मीही एक कबूल करतो. आमच्या लोकांनी तिला नाताळापुरतं ठेवलंय. डिसेंबरात काढायची, जानेवारीत गुंडाळून ठेवायची. हेही काही बरं नाही.”

शांतवन या वादात कधी पडले नाहीत. मी संध्याकाळी माउलीच्या फळीपुढे माळ जपत बसले की ते पाय न वाजवता जायचे, मुद्दाम दिवा माझ्याकडे सरकवायचे. मंडळीतल्या बायका म्हणायच्या, नवरा देवमाणूस मिळाला हो तुम्हाला, सासऱ्यानंच काय तो छळ मांडलाय. मी हसून सोडून द्यायची. खरं तर मला तेव्हा तो छळच वाटत नव्हता, आणि नवऱ्याचं देवमाणूसपण मी धरूनच चालले होते.

लग्नानंतर चार वर्षांनी मला दिवस गेले. दुसऱ्यांची बाळंतपणं करण्यात माझा हात बसला होता. गावातल्या अर्ध्या पोरांना मी उलटं धरून पहिलं रडू आणलेलं. माझ्या वेळी भरले दिवस होते, सगळं ठीक होतं, आणि ती रडलीच नाही. मुलगी होती. केस भरपूर होते. डॉक्टरीणबाई तिच्या पाठीवर थापट्या मारत होत्या आणि मी पडल्या पडल्या सांगत होते, आता पुरे करा. मला कळत होतं ना. न कळणारी असते तर आणखी थोडी आशा तरी धरली असती.

घरी आले. अंगावरचं दूध आटेना. एके दिवशी दुपारी घरात कुणी नव्हतं. मी स्वयंपाकघरात उभी राहून फळीवरच्या मूर्तीकडे पाहत होते. नऊ महिने मी तिच्यापुढे माळ ओढली होती. दुसरं काही मागितलं नव्हतं. माझ्या अंगाचा असा भडका उडाला की मी तिला मानेला धरून उचललं, खाली ज्वारीची कणगी होती तिचं झाकण काढलं आणि तिला दाण्यांत पालथी घातली. वर म्हणाले, “तू पण आईच ना? मग बस अंधारात.”

मागे वळले तर दारात शांतवन. शाळेतून लवकर आले होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं, ऐकलंही होतं. ते माझ्याजवळ येऊन खाली बसले, मला धरलं आणि आम्ही दोघं त्या कणगीला टेकून रडलो. नंतर मी म्हणाले, “हे कुणाला सांगू नका. मामांनाही नको.”

“कुणाला सांगणार? हे तुझं माझं आहे,” ते म्हणाले.

एवढं जवळचं वाक्य मला आयुष्यात दुसऱ्या कुणी म्हटलेलं नाही.

मूर्ती कणगीतच राहिली. मी माळही जपेना. मामांनी मोकळी फळी पाहिली असणार, पण त्यांनी विचारलं नाही. उलट वादच बंद केला. चहा घेऊन समोर बसायचे आणि पेरूला यंदा बहर कसा आलाय ते सांगत राहायचे. एकदाच म्हणाले, “तू भांडत नाहीस तर मला करमत नाही गं.” मी उठून आत गेले.

त्याच सुमारास मामांनी वडीलपण सोडायचं ठरवलं. ताट धरायला हात थरथरतो म्हणाले. त्यांच्या जागी कोण, याची कुजबुज सुरू झाली, आणि शाळेचे हेडमास्तरही त्याच वर्षी निवृत्त होणार होते. कमिटी वडिलांची असल्यामुळे एका खुर्चीत जो बसेल त्याला दुसरी लांब नव्हती. शांतवनचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. पण महिला मंडळाच्या तबिथाबाई होत्या. आडव्या अंगाच्या, खणखणीत गळ्याच्या, प्रार्थनेला उभ्या राहिल्या की पाळकसाहेबसुद्धा वचकून असायचे. त्या एकदा ओट्यावर येऊन बसल्या आणि माझ्या देखत मामांना म्हणाल्या, “मास्तर, शांतवन पोरगं सोन्यावानी आहे. पण ज्याच्या घरात मूर्ती, त्यानं प्रभूच्या भाकरीचं ताट धरायचं? मला नाही बाई पटत. मी उभी राहून बोलणार.”

“बोल की,” मामा म्हणाले. “माझ्या घरात होतीच ना मूर्ती? मी धरलंच ना ताट?”

“तुमची गोष्ट वेगळी. तुम्ही रोज तिच्या विरुद्ध बोलता. शांतवन कधी बोललाय?”

शांतवन आत होते. त्यांना ऐकू गेलं असणार, भिंत कुडाची होती. संध्याकाळी ते जेवले नाहीत, पोट बरं नाही म्हणाले.

ज्वारी निघाली की आमच्या मंडळीत कापणीचा सण असे. प्रत्येक घरातून टोपली यायची. ज्वारी, भोपळे, अंडी, बांधलेल्या कोंबड्या, कुणाचा गूळ, कुणाच्या शेवया. सगळं वेदीपुढच्या लांब टेबलावर मांडायचं. आधी साक्षी व्हायच्या, म्हणजे ज्याला वाटेल त्याने उभं राहून वर्षभरात प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. मग पाळकसाहेब टेबलावर हात पसरून प्रार्थना करायचे आणि त्या वस्तू प्रभूच्या व्हायच्या. एकदा प्रार्थना झाली की टेबलावरून काडीसुद्धा परत न्यायची नाही. लिलावात बोली लावूनच वस्तू खाली उतरायची, आणि बोलीही धान्यात. पायली, मण, पोतं. पाळकसाहेबांच्या वर्षाच्या भाकरीची ती सोय होती.

त्या वर्षी सकाळी मला उठायला उशीर झाला. शांतवननी टोपली आधीच भरून, वर माझा धुतलेला रुमाल झाकून तयार ठेवली होती. “तू दमतेस, म्हणून मीच भरली,” म्हणाले. मला बरं वाटलं.

देऊळ खच्चून भरलं होतं. त्या गावात प्रार्थनामंदिरालाही देऊळच म्हणत. मी बायकांच्या बाजूला सतरंजीवर, मामा पुढच्या बाकावर. दोघातिघांच्या साक्षी झाल्या. कुणाचा बैल बरा झाला होता, कुणाच्या विहिरीला पाणी लागलं होतं. मग शांतवन उठले आणि टोपली घेऊन टेबलापाशी गेले.

“बंधूंनो, भगिनींनो,” ते म्हणाले, “गेल्या वर्षी प्रभूने आमची मुलगी परत नेली. तुम्ही सगळे आमच्याबरोबर रडलात. पण त्या दुःखातून प्रभूने आमच्या घरात काय काम केलं, ते मी आजवर सांगितलं नव्हतं.”

मुलीचा विषय निघाला तसा मी पदर डोळ्यांना लावला.

“माझी बायको कशात वाढली ते तुम्हाला ठाऊक आहे. मी तिच्यावर कधी जबरदस्ती केली नाही. मी फक्त प्रार्थना केली. आणि एके दुपारी मी घरी आलो तेव्हा ती त्या मूर्तीपुढे उभी होती. माझ्या कानांनी ऐकलं. ती म्हणाली, तू पण आईच ना? मग बस अंधारात. आणि तिनं, तिच्या स्वतःच्या हातांनी...” त्यांनी रुमाल काढला, ज्वारीत हात घातला आणि माउलीला वर काढलं. झिजल्या नाकावर दाण्यांचा कोंडा चिकटला होता. “प्रभूने एका आत्म्याला मूर्तीपासून सोडवलं! ही आमच्या घरची पहिली कापणी!”

माझे शब्द. माझाच सूर. तोही त्यांनी हुबेहूब उचलला होता.

‘हालेलुया’चा असा गजर झाला की बांधलेल्या कोंबड्या फडफडू लागल्या. तबिथाबाई माझ्याजवळ येऊन मला कवटाळून रडायला लागल्या. पाळकसाहेबांनाही भरून आलं. त्यांनी मला उभं केलं. “सेवरीनबाई, हे खरं आहे? तुम्ही स्वतः ती मूर्ती टाकलीत?”

“ठेवली,” मी म्हणाले.

“कुणी सांगितलं होतं?”

“कुणी नाही.”

“आमेन!” पुन्हा गजर. मी बोलायचा प्रयत्न केला. “अहो, पण मी रुसले होते. रागावले होते तिच्यावर.” जवळच्या चारदोन जणींनी ऐकलं आणि त्या हसल्या. “लाकडावर रुसतं का कुणी, बाई!” एक म्हणाली. आणखी एक वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. तेवढ्यात शांतवननी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी होती. ते वाक्य मी गिळलं. कोणतं, ते पुढे सांगते.

पाळकसाहेबांनी त्याच भरात टेबलावर हात पसरले आणि प्रार्थना केली. आमेन झाल्यावर तबिथाबाईंनी पदर खोचला. “आता ती मूर्ती द्या इकडं. बाहेर दगडावर फोडू आणि मग लिलाव करू.”

“थांब,” मामा म्हणाले.

ते काठी टेकत उठले. मी त्यांचा चेहरा पाहिला आणि कळलं, त्यांनी माझं रुसल्याचं वाक्य ऐकलं होतं. रोज माझ्याशी भांडलेला माणूस तो. रुसणं आणि सोडणं यांतला फरक त्यांना कुणी शिकवायला नको होता.

“पाळकसाहेब, टेबलावर प्रार्थना झाली?”

“झाली की, मास्तर.”

“सगळ्या वस्तूंवर?”

पाळकसाहेब घोटाळले. त्यांनी टेबलाकडे पाहिलं. भोपळा आणि अंड्यांची पाटी यांच्यामध्ये माउली उभी होती. “म्हणजे... तसा हेतू नव्हता...”

“हेतूचं राहू द्या. प्रार्थना झालेली वस्तू लिलावाशिवाय खाली उतरत नाही. हा नियम माझ्या बापाच्या वेळेपासूनचा आहे. पुकारा लिलाव.”

“मूर्तीचा लिलाव? देवळात?” तबिथाबाई किंचाळल्या.

“मग मूर्ती देवळात आणली कुणी? मी आणली?” मामांनी शांतवनकडे पाहिलं. शांतवन खाली मान घालून उभे होते. “पुकारा. माझी एक पायली.”

मग तबिथाबाई म्हणाल्या, “दोन पायल्या. घेते आणि फोडते.”

“एक मण.”

“मास्तर, वय झालं तुमचं! काय करताय हे?”

“बोली लावतोय. एक मण.”

“दोन मण!” तबिथाबाईंचा आवाज चिरकला. त्यांच्या घरची ज्वारी किती निघाली होती ते गावाला ठाऊक होतं.

“एक पोतं,” मामा म्हणाले, “आणि माझी गाभण शेळी.”

तबिथाबाईंनी शांतवनकडे पाहिलं. त्यांनी बोली वाढवावी, असं तिथं सगळ्यांनाच वाटत होतं. ते बुटाकडे पाहत राहिले. पाळकसाहेबांनी एकदा, दोनदा, तीनदा म्हटलं, तेही असं की जणू दाढ काढून घेतायत. मामांनी जाऊन मूर्ती उचलली. जन्मात पहिल्यांदा त्यांनी तिला हात लावला. कशी धरावी ते त्यांना कळेना, तेव्हा धोतराच्या सोग्यात गुंडाळली आणि मधल्या वाटेने चालत बाहेर गेले. मी त्यांच्या मागोमाग उठले. लिलाव पुढे चालू झाल्याचं मला रस्त्यावर ऐकू आलं.

ओट्यावर पोचल्यावर त्यांनी मूर्ती माझ्या हातात दिली. “घे. हात लावला, माफ कर. मी मानत नाही हिला. पण तुझ्या बापाला शब्द दिला होता.” मग खांबाला टेकून दम घेत म्हणाले, “शांतवनचा गैरसमज झाला. त्याला वाटलं, तू सोडलंस.”

मी पदराने मूर्तीच्या नाकावरचा कोंडा पुसला.

शांतवन वडील झाले. त्यांची साक्ष लोकांच्या मनात भरली होती, आणि मामांचं वागणं म्हातारपणावर घातलं गेलं. मामांना पुन्हा कधी उपदेशाला बोलावलं नाही. वर्षभरात शांतवन हेडमास्तरही झाले. मूर्ती फळीवर परत आली, माळही आली, आमचे वादही परत आले. मला नंतर दोन मुलगे झाले, शिकले, नोकऱ्यांना लागले. माझा संसार झाला नाही असं कुणी म्हणणार नाही. पण नवऱ्याजवळ मी पुन्हा मन म्हणून मोकळं केलं नाही. माझी आई वारली तेव्हा मी गोठ्यात जाऊन रडले.

आता ते गिळलेलं वाक्य सांगते. सणाच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, मी ज्वारी पाखडत होते. शांतवन समोर बसून हसत म्हणाले होते, “काय, अजून अबोला आहे का माउलीशी?”

“आहे,” मी म्हणाले. “पण सुटत आलाय. आईशी किती दिवस धरायचा? उद्याचा सण होऊ दे, सोमवारी काढते तिला. धुऊन पुसून ठेवते फळीवर.”

“सोमवारी?” त्यांनी विचारलं.

“सोमवारी.”

“बरं,” ते म्हणाले, आणि माझ्या केसांत अडकलेला कोंडा बोटांनी काढला.

म्हणजे त्यांना माहीत होतं. सगळं माहीत होतं. सोमवारनंतर ती साक्ष देता आली नसती म्हणून रविवारी दिली. देवळात हे एक वाक्य मी बोलले असते तर त्यांची साक्ष तिथेच कोसळली असती. पण पुढच्या बाकावर मामा बसले होते, आणि मग नवऱ्याची ती नजर. मी त्यांना वाचवलं की मामांना, हे मला आजही नीट सांगता येत नाही. मी शांतवनना कधी जाब विचारला नाही, आणि त्यांनी कधी विषय काढला नाही. मला वाटतं, आपण विसरलो असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

मामा फार म्हातारे होऊन गेले. शेवटी डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण जीभ शाबूत होती. एका सकाळी मी त्यांना पेज भरवत होते, तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं.

“सेवरीन, एक विचारू? खरं सांगशील?”

“तुमच्याशी खोटं बोलून कधी वाद जिंकलाय का मी?”

“नाही. म्हणून तर तुला विचारतोय.” त्यांनी मनगटावरची पकड घट्ट केली. “त्या सणाच्या दिवशी शांतवनला खरंच वाटलं होतं ना, तू तिला सोडलंस म्हणून? चुकूनच बोलला ना तो? मी त्याला कधी विचारलं नाही. तोंडच होईना. पण तेव्हापासून माझ्या मनात किंतु बसला. त्याच्याशी धड बोललो नाही इतकी वर्षं. तुझ्या लक्षात आलं असंल.”

आलं होतं. घरात दोन माणसं होती, दोघंही त्या माणसाशी कामापुरतं बोलणारी.

त्यांचे न दिसणारे डोळे माझ्याकडे लागले होते. हा माणूस आयुष्यभर माझ्याशी उघड भांडला. एकदाही आडून नाही. त्याला खरं उत्तर देणं माझ्यावर बंधनकारक होतं, आणि त्या उत्तराने त्याचं उरलेलं आयुष्य मातीत गेलं असतं.

“चुकूनच, मामा,” मी म्हणाले. “त्यांना काय कल्पना!”

त्यांनी माझं मनगट सोडलं. चेहऱ्यावरचा ताण उतरला. “मला वाटलंच होतं,” ते म्हणाले. “माझा पोरगा आहे तो. जाणूनबुजून असं नाही करायचा. उगीच डूक धरला मी.” मग त्यांनी पेज बाजूला सारली. “तो आला की आत पाठव त्याला. माफी मागायचीय मला त्याची.”

शांतवन दुपारी आले. मी ओट्यावर होते. “मामा बोलावतायत,” मी म्हणाले.

“कशाला?”

“तुमची माफी मागायचीय त्यांना. त्या सणापासून मनात राग धरला म्हणून.”

ते माझ्याकडे पाहत उभे राहिले. मी काय सांगितलं असेल, ते त्यांना कळलं. मी वाट पाहिली. अजूनही ते काही म्हणतील, निदान मला तरी, असं मला त्या क्षणी खरोखर वाटत होतं.

त्यांनी चपला काढल्या, टोपी नीट केली आणि माफी घ्यायला आत गेले.